गच्च भरलेलं पार्किंग आणि तिथे राबणारी माणसं : जोखीम मोजायची कशी?

चाकोरी
नमस्कार मंडळी,
मी एका मोठ्या कार्यालयीन इमारतीत प्रशासन विभागात काम करते. इमारतीखाली दोन मजली तळघर आहे, तिथे पार्किंग. जागा कमी, गाड्या जास्त. सकाळी येणाऱ्यांची आणि संध्याकाळी सुटणाऱ्यांची एकच झुंबड उडते. मधल्या वेळेत मालाचे टेम्पो, कुरिअरवाले, पाहुणे. जागा संपली की पार्किंगची मुलं रांगेपुढे आडव्या गाड्या लावतात आणि आतल्या कुणाला निघायचं असलं की त्या ढकलून बाजूला करतात.

या पार्किंगचं जोखीम मूल्यांकन नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. आधीचा कागद समोर आहे. त्यात अख्ख्या पार्किंगसाठी एकच ओळ: "धोका – वाहनाची धडक. उपाय – वेगमर्यादेचा फलक, कर्मचाऱ्यांना सूचना, चमकणारी जॅकेटं. उरलेली जोखीम – कमी." खाली सही-शिक्का.

मला हे पटत नाही. नेमकं काय बघायचं, कसं मोजायचं, आणि कागदावर काय उतरलं म्हणजे खाली काम करणाऱ्याला खरोखर फरक पडेल? ज्यांनी हे काम केलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

मोजपट्टी
चाकोरी, हा कागद वर टेबलाशी बसून लिहू नका, एवढं सगळ्यात आधी सांगतो. जेव्हा सर्वांत जास्त गर्दी असते तेव्हा खाली जा, सुरक्षित जागा बघून उभ्या राहा आणि नुसतं बघत राहा. सकाळ वेगळी, सुटायची वेळ वेगळी, पावसाचा दिवस वेगळा. भर दुपारी पार्किंग शांत असतं. तेव्हा पाहणी केली तर कागदावरही शांत पार्किंगच उतरतं.

पार्किंग या एका नावाखाली बरीच कामं चालतात. गेटवर गाडी थांबवणं, मागे येणाऱ्या गाडीला हात दाखवणं, आडव्या गाड्या हलवणं, चाव्या सांभाळणं, टेम्पोतून माल उतरवणं, झाडू मारणं, दिवे बदलणं. प्रत्येकाची ओळ वेगळी करा. हे काम करताना माणूस गाडीच्या कुठल्या बाजूला असतो? ड्रायव्हरला तो दिसतो का? गाडी अचानक हलली तर त्याला सरकायला जागा आहे का? हा तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. मोकळ्या जागेत हळू गाडीचा धक्का बसला तर माणूस पडतो. पाठीशी भिंत किंवा खांब असेल तर तोच धक्का मांडी नाहीतर छाती चिरडतो.

मजल्याचा नकाशा छापून घ्या. एका रंगाने गाड्यांची वाट, दुसऱ्या रंगाने माणसांची वाट काढा. पट्टे मारलेली वाट धरू नका, लोक ज्या वाटेने चालतात ती धरा. बहुतेक जण लिफ्टकडे गाड्यांमधून सरळ कापत जातात. दोन रंग जिथे एकमेकांना छेदतात तिथून तुमची यादी सुरू होते.

आणि फक्त पार्किंगची मुलं मोजू नका. झाडणाऱ्या मावशी दोन गाड्यांच्या मधे वाकलेल्या असतात, म्हणजे डिकीच्या काचेच्या खाली; आरशात त्या दिसतच नाहीत. शिडीवर चढलेला इलेक्ट्रिशियन असतो. पहिल्यांदाच आलेला कुरिअरवाला असतो, त्याला कुठल्या कोपऱ्यातून गाडी येते ते ठाऊक नसतं.

वेगाबद्दल थोडं गणित. बेसावध ड्रायव्हरला माणूस दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरा. ताशी १० किलोमीटर वेगाने तेवढ्यात गाडी ४ मीटरच्या वर जाते आणि ब्रेक लागून थांबेपर्यंत एकूण सुमारे पावणेपाच मीटर. ताशी २० ला हेच अंतर साडेदहा मीटरच्या आसपास, ताशी ३० ला साडेसतरा. पार्किंगचा एक कप्पा साधारण अडीच मीटर रुंद असतो. म्हणजे ताशी २० ने येणाऱ्या गाडीसमोर तीन-चार कप्पे पलीकडून कुणी बाहेर आलं तर ब्रेक धड लागायच्या आतच गाडी त्याच्यापर्यंत पोचलेली असते. त्यामुळे नुसता "१०" चा फलक लावून भागत नाही. वाट सरळ आणि लांब असेल तर लोक वेग घेणारच. तिला वळण द्या, गतिरोधक टाका, कोपऱ्यावर आरसा बसवा. फक्त बहिर्गोल आरशात गाडी असते त्यापेक्षा लांब वाटते, हे मुलांना सांगून ठेवा.

रात्रपाळी
मी पार्किंगमध्ये बरीच वर्षं काढली, आता तिथल्याच मुलांचा सुपरवायझर आहे. खाली काय होतं ते सांगतो.

गाडी मागे घ्यायला सांगताना मुलगा कुठे उभा राहतो ते बघा. भिंत आणि डिकी यांच्या मधोमध. कारण भिंत किती लांब राहिली ते त्याला तिथूनच नीट दिसतं. एक हात डिकीवर, थाप मारत, "येऊ द्या, येऊ द्या, अजून, अजून... बस्स!" ड्रायव्हरने काचा वर केलेल्या, आत एसी, कानाला फोन. ते "बस्स" त्याच्यापर्यंत पोचतच नाही, थाप थांबली की तो अंदाज बांधतो. त्यात गाडी ऑटोमॅटिक असली तर ब्रेकवरचा पाय जरा ढिला झाला तरी ती आपोआप सरकते. त्या मुलाला मागे व्हायला हातभरही जागा नसते.

आमच्याकडे आता सरळ नियम आहे. चालत्या गाडीच्या वाटेत कुणी उभं राहायचं नाही. ड्रायव्हरच्या बाजूला, गाडीच्या वाटेबाहेर, त्याच्या आरशात आपण दिसू अशा जागी थांबायचं. गाडी हलायच्या आधी काच खाली करायला लावायची आणि सांगायचं, "मी दिसेनासा झालो की थांबा." हात दाखवणारा एकच. दोघं-तिघं ओरडायला लागले तर ड्रायव्हरने कुणाचं ऐकायचं? आणि भिंतीपासून किती अंतर राहिलं हे बघायला माणूस कशाला लागतो? जमिनीवर चाक अडेल असा ठोकळा बसवा. तो एकदा बसवला की मागे उभं राहायची गरजच उरत नाही.

अजून एक गोष्ट, जी कॅमेऱ्यात दिसत नाही. मागे घेताना स्टिअरिंग वळवलं की गाडीचं तोंड बाहेर फेकलं जातं. ड्रायव्हरचं लक्ष मागे. बाजूला उभा असलेला माणूस स्वतःला सुरक्षित समजतो आणि पुढचं चाक त्याच्या पायावरून जातं.

मुलं दुसऱ्यांच्या गाड्या चालवतात तेव्हाची तऱ्हा वेगळी. रांग लागलेली असते, मागून हॉर्न. मुलगा सीट पुढे-मागे न करता बसतो, आरसे मालकाच्या उंचीला लावलेले. कधी दार उघडंच ठेवून, मान बाहेर काढून, एक पाय जवळजवळ बाहेर ठेवून गाडी मागे घेतो. ते दार खांबाला अडकलं तर पाय किंवा डोकं मधे सापडतं. कुठल्या गाडीचा ब्रेक कडक, कुठलीचा नुसत्या स्पर्शाने लागतो, कुठे हँडब्रेकच्या जागी बटण. मुलगा बसला की आधी सीट, मग आरसे, मग जागेवरच एकदा ब्रेक दाबून बघणं, एवढा वेळ त्याला मिळालाच पाहिजे. तो वेळ त्याला कोण देणार, हे तुमच्या कागदात यायला हवं.

झरोका
रात्रपाळी, फार महत्त्वाचं लिहिलंत. दार उघडं ठेवून गाडी मागे घेणं मी रोज बघते, पण त्यात एवढा धोका आहे हे डोक्यात आलं नव्हतं.

उतारवाट
आडव्या लावलेल्या, ढकलायच्या गाड्यांबद्दल लिहितो, कारण चाकोरींच्या वर्णनात मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते.

या गाड्या न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक न लावता ठेवतात. गृहीत असं की जमीन सपाट आहे. तळघराची जमीन बहुधा पूर्ण सपाट नसते. पाणी गटाराकडे जावं म्हणून तिला मुद्दाम उतार दिलेला असतो. १,५०० किलोची गाडी घ्या. काँक्रीटवर चाकं फिरताना जो अडथळा होतो तो वजनाच्या साधारण १ ते १.५ टक्के, म्हणजे १५० ते २२० न्यूटन. १ टक्का उतारावर गाडीला खाली ओढणारं बल असतं सुमारे १५० न्यूटन. म्हणजे गाडी जेमतेम थांबलेली आहे. एकदा ढकलली की लवकर थांबणार नाही. २ टक्के उतारावर तेच बल ३०० च्या जवळ जातं आणि गाडी आपली आपण निघते. २ टक्के म्हणजे ५ मीटरला १० सेंटीमीटर. एवढा उतार नजरेत भरत नाही.

ती गाडी सेकंदाला एक मीटर, म्हणजे सावकाश चालण्याच्या वेगाने सरकू लागली, आणि कुणी पुढे होऊन तिला अर्ध्या मीटरात थांबवायचं ठरवलं, तर सलग १,५०० न्यूटन जोर लावावा लागतो. १५० किलोचं वजन तोलून धरण्याइतका. ओल्या किंवा तेलकट फरशीवर तर पायच टिकत नाहीत. तरी लोक हात पुढे करून धावतात, कारण समोर दुसऱ्या कुणाची तरी गाडी असते आणि भरपाई आपल्या पगारातून जाईल ही भीती असते. ही भीतीसुद्धा जोखमीचं कारण म्हणून लिहा. "सरकणाऱ्या गाडीला हात लावायचा नाही, नुकसान झालं तर कुणाच्याही पगारातून कापलं जाणार नाही" असं लेखी दिलंत तर माणसं बाजूला होतील.

करण्यासारखं: पाणसळ घेऊन प्रत्येक रांगेचा उतार मोजा. मोबाइलवरही ढोबळ अंदाज येतो. जिथे उतार आहे तिथे आडवी गाडी अजिबात नाही. बाकी ठिकाणी चाकाखाली ठोकळा, आणि ढकलताना एक माणूस आत स्टिअरिंगवर, पाय ब्रेकवर. इंजिन बंद असताना ब्रेकला मदत करणारी यंत्रणा एक-दोनदा दाबल्यावर संपते आणि पेडल दगडासारखं होतं, हे आत बसणाऱ्याला माहीत हवं. शिवाय हल्लीच्या अनेक ऑटोमॅटिक आणि विजेवरच्या गाड्या बंद केल्या की स्वतःच 'पी'मध्ये, म्हणजे चाकं जखडणाऱ्या पार्किंग गिअरमध्ये, जातात, न्यूट्रलमध्ये राहतच नाहीत. त्यामुळे ढकलण्यावर चालणारी व्यवस्था फार दिवस टिकणारही नाही.

निळीशाई
चर्चा चांगली चालली आहे, पण चाकोरींना शेवटी तक्ता भरून द्यायचा आहे. व्यवस्थापनाला आकडे लागतात. शक्यता १ ते ५, परिणाम १ ते ५, गुणाकार करा, रंग द्या. पार्किंगमध्ये वेग कमी असतो, त्यामुळे परिणाम २ किंवा ३ धरला तर योग्यच आहे असं मला वाटतं. आणि उपाय म्हणून प्रशिक्षण हाच सगळ्यात व्यवहार्य. इमारत तर काही पाडून बांधता येणार नाही.

मोजपट्टी
निळीशाई, तक्त्याला माझा विरोध नाही, पण परिणाम २ धरणं मला मान्य नाही. वेग कमी आहे म्हणून इजा कमी, हे मोकळ्या जागेपुरतं ठीक. वर रात्रपाळींनी भिंत आणि डिकीमधल्या मुलाचं लिहिलं आहे, तिथे ताशी ५ किलोमीटरलाही माणूस जायबंदी होतो किंवा जीव जातो. परिणामाचा आकडा ठरवताना "रोज काय होतं" ते बघू नका, "झालं तर काय होईल" ते बघा. रोज काय होतं हे शक्यतेच्या रकान्यात जातं.

दुसरं, प्रशिक्षण लिहिलं की १५ चे ६ कसे होतात, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. आकडा उतरवायचा तर प्रत्यक्षात काय बदललं ते दाखवता आलं पाहिजे. उपायांचा क्रम ठरलेला आहे. धोका मुळातून काढा. नाही जमलं तर कमी धोक्याचा पर्याय आणा. मग माणूस आणि गाडी यांच्यात अडसर घाला. मग नियम, वेळापत्रक, प्रशिक्षण. आणि शेवटी जॅकेट-बूट. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेच्या आयएसओ ४५००१ या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मानकातही हाच क्रम दिला आहे. चाकोरींकडचा जुना कागद शेवटच्या दोन पायऱ्यांवरच थांबलेला आहे.

इमारत न पाडता पहिल्या तीन पायऱ्यांवर बरंच करता येतं. मालाचे टेम्पो सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत आत घेऊ नका. लिफ्टसमोरचे कप्पे कायमचे बंद करून तिथे लोखंडी खांब रोवून पायवाट करा. येण्याची आणि जाण्याची वाट एकदिशा करा, म्हणजे समोरासमोर अडकलेल्या गाड्या मागे घ्याव्या लागणार नाहीत. झाडलोट गर्दीच्या वेळेबाहेर न्या. यातल्या काही गोष्टींना तर खर्चही नाही, फक्त कुणीतरी ठरवावं लागतं.

निळीशाई
परिणामाच्या आकड्याबद्दल पटलं. भिंतीचा मुद्दा मी धरलाच नव्हता. प्रशिक्षण मात्र हवंच, त्यावर ठाम आहे.

मोजपट्टी
हवंच की. फक्त एकटं नको.

सारथी
गाडी मागे घेत लावायची की तोंडाने आत घालायची, यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझ्या मते कामाच्या ठिकाणी गाडी नेहमी मागे घेत लावावी. लावताना आपण नुकतेच त्या जागेवरून पुढे आलेलो असतो, कप्पा रिकामा आहे हे डोळ्यांनी बघितलेलं असतं आणि त्या अरुंद जागेत सहसा कुणी चालत नाही. निघताना तोंड बाहेर असतं, वाट दोन्ही बाजूंनी दिसते. उलट तोंडाने आत घातलेली गाडी काढताना आपण चालत्या वाटेत, दोन्ही बाजूंच्या उंच गाड्यांच्या आडून, न बघता मागे येतो. तेही संध्याकाळी, सगळ्यांना घरी जायची घाई असताना.

झरोका
पण मागे घ्यायला वेळ लागतो, तोवर मागे रांग लागते. आणि डिकीत सामान ठेवायचं असेल तर? भिंतीला डिकी लागली की माणूस पुन्हा त्याच अरुंद फटीत शिरतो.

सारथी
सामानाचा मुद्दा बरोबर आहे. ज्यांना रोज सामान काढायचं असतं त्यांच्यासाठी वेगळे कप्पे ठेवता येतील, मागे पायवाट असलेले. तिरपे कप्पे असतील तर हा नियम लागू होत नाही. तिथे पट्ट्यांच्या दिशेने तोंडानेच आत जायचं असतं. वेळेचं म्हणाल तर सकाळी लागलेला वेळ संध्याकाळी वाचतो, आणि सकाळी लोक थोडे थोडे येतात, संध्याकाळी एकदम निघतात.

कॅमेऱ्यावर विसंबून राहू नये असंही वाटतं. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या कार आणि हलक्या वाहनांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे आणि ते चांगलंच आहे. पण भिंगावर चिखल असतो, पावसाचा थेंब असतो, आणि बाजूने चालत येणारा माणूस चित्रात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

कंदील
उजेडाबद्दल थोडंसं. बाहेर रखरखीत ऊन असताना ड्रायव्हर रॅम्पवरून आत उतरतो तेव्हा पहिले काही क्षण त्याला धड दिसत नाही. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागू शकतात; पहिल्या काही सेकंदांत तर फारच कमी दिसतं. नेमकं तिथेच, रॅम्पच्या पायथ्याशी, गेटवाला उभा असतो. युरोपीय मानकात पार्किंगच्या वाटांना ७५ लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आणि दिवसा आत-बाहेर जाणाऱ्या रॅम्पला ३०० लक्स सांगितलं आहे, म्हणजे दिवसा प्रवेशाशी चौपट उजेड. बऱ्याच ठिकाणी दिवसा वीज वाचवायला तिथलेच दिवे बंद करतात. लक्समीटर भाड्याने मिळतो, मोजून घ्या. आणि गेटवाल्याला पायथ्यापासून हलवा.

विजेवरच्या गाड्यांचा आवाज येत नाही, हेही लक्षात घ्या. युरोपात जुलै २०२१ पासून अशा सर्व नव्या गाड्यांना ताशी २० किलोमीटरपर्यंत आणि मागे येताना कृत्रिम आवाज करावा लागतो. जुन्या गाड्यांना तो असेलच असं नाही. वर्षानुवर्षं कानांवर विसंबून काम करणाऱ्या माणसाला हे मुद्दाम सांगावं लागतं.

शुद्धहवा
धडक आणि चिरडणं यावर सगळे बोलत आहेत, मी हवेबद्दल लिहिते. व्यवसायजन्य आरोग्य हा माझा कामाचा विषय आहे.

पेट्रोल गाडीच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. गाडीच्या धुराच्या नळीत बसवलेलं, धूर स्वच्छ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्यावरच हा वायू नीट जाळतं. आता संध्याकाळचं चित्र डोळ्यांसमोर आणा: दिवसभर थंड पडलेली इंजिनं एकाच वेळी सुरू होतात, रांगेत उभी राहतात, रॅम्प चढायला जोर लावतात. कन्व्हर्टर अजून थंड. म्हणजे सगळ्यात वाईट धूर नेमका सगळ्यात जास्त गर्दीच्या वेळी, तळघरात. आणि रॅम्पच्या तोंडाशी पावतीची केबिन.

त्या केबिनमधल्या माणसाला विचारा: पाळी संपताना डोकं जड होतं का? मळमळतं का? सुट्टीच्या दिवशी किंवा बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटतं का? उत्तर हो आलं तर ॲसिडिटी, जागरण म्हणून सोडून देऊ नका. मोजायचं यंत्र लावा. अमेरिकेच्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेची शिफारस पाळीच्या सरासरीला ३५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ३५ भाग) आणि कुठल्याही क्षणी २०० पीपीएमच्या वर नाही, अशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेची ८ तासांची मर्यादा घनमीटरला १० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ९ पीपीएम, त्याहून बरीच कडक. मोजमाप संध्याकाळच्या गर्दीत, माणसाच्या नाकाच्या उंचीवर करा. पंखे चालू आहेत का तेही बघा. पंखे असतात, बटण बंद असतं, आणि ते कुणी बंद केलं हे कुणालाच सांगता येत नाही. डिझेल गाड्या जास्त असतील तर नायट्रोजन डायऑक्साइड आणि बारीक काजळीही मोजावी लागते.

केबिन बाहेर, रॅम्पच्या वरच्या टोकाला नेता आली तर अर्धा प्रश्न सुटतो. गेटवाल्याच्या उजेडाचाही त्यातच सुटेल.

उतारवाट
आगीची ओळ विसरू नका. लिव्हरपूलला ३१ डिसेंबर २०१७ ला एका गाडीच्या आगीतून बहुमजली पार्किंग जळालं, हजाराहून जास्त गाड्या गेल्या. ल्यूटन विमानतळावर ऑक्टोबर २०२३ मध्ये तसंच झालं. ती आग डिझेल गाडीपासून लागली असं अग्निशमन दलाने सांगितलं होतं. गाड्या खेटून लावल्या की आग एकीकडून दुसरीकडे जाते. कर्मचाऱ्यांसाठी नियम एकच हवा: धूर दिसला की घंटा वाजवायची आणि बाहेर पडायचं. गाड्या हलवत बसायचं नाही. आणि आडव्या गाड्यांमुळे जिन्याचं दार अडत नाही ना, हे रोज बघा.

चाकोरी
सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचं वाचून संध्याकाळच्या गर्दीत खाली जाऊन उभी राहिले, नकाशा घेऊन.

रात्रपाळींनी लिहिलेलं जसंच्या तसं दिसलं. एक मुलगा खांब आणि गाडी यांच्या मधे उभा राहून हात दाखवत होता. मी त्याला बाजूला बोलावून विचारलं, इथे का उभा राहतोस? म्हणाला, "मॅडम, गाडी घासली तर साहेब आम्हालाच बोलतात. जवळून बघावं लागतं." उतारवाटांनी पगारातून कापण्याबद्दल लिहिलं होतं, तेच हे.

पहिली ओळ अशी लिहिली आहे: "मागे येणाऱ्या गाडीला दिशा दाखवणारा कर्मचारी गाडी आणि भिंत/खांब यांच्यामध्ये चिरडला जाणं. कारणं: भिंतीपासूनचं अंतर कळण्याची दुसरी सोय नाही, गाडी घासल्यास दोष कर्मचाऱ्यावर येतो, ड्रायव्हरला सूचना ऐकू जात नाही. परिणाम ५. शक्यता ४. उपाय: सर्व कप्प्यांना चाक-ठोकळे, वाटेत उभं राहण्यास बंदी, काच खाली केल्याशिवाय गाडी मागे घ्यायची नाही, गाडी घासल्याबद्दल कर्मचाऱ्यावर कारवाई नाही." ठोकळे बसेपर्यंत आकडा खाली आणणार नाही.

आता अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. पार्किंगची मुलं कंत्राटदाराची, इमारत मालकाची, गाड्या आमच्या आणि इतर कंपन्यांच्या. आडव्या गाड्या बंद करा म्हटलं तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. हा निर्णय कुणी घ्यायचा?

मोजपट्टी
पहिली ओळ उत्तम झाली आहे. मुलाचं म्हणणं कारणांत घेतलंत हे फार चांगलं केलंत.

जबाबदारीचं सांगतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८१ चा १५५ क्रमांकाचा करार आहे. त्याचं १७ वं कलम म्हणतं की एकाच कामाच्या ठिकाणी दोन किंवा अधिक आस्थापना एकाच वेळी काम करत असतील तर सुरक्षिततेच्या बाबतीत त्यांनी एकमेकांशी सहकार्य करायचं. म्हणजे माझा माणूस नाही, माझी इमारत नाही, असं म्हणून कुणाला सुटता येऊ नये. त्याच कराराचं १३ वं कलमही वाचा: जिवाला तातडीचा, गंभीर धोका आहे असं वाजवी कारणाने वाटून जो कामगार बाजूला होतो, त्याला त्याबद्दल त्रास होता कामा नये. जून २०२२ मध्ये संघटनेने सुरक्षित आणि निरोगी कार्यस्थळ हे मूलभूत तत्त्वांत धरलं, आणि हा करार मूलभूत करारांत आला. तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो ते सेफ्टी ऑफिसरकडून काढून घ्या, पण मालक, कंत्राटदार आणि कंपन्या अशा तिघांची संयुक्त बैठक बोलवायला एवढा आधार पुरेसा आहे. नकाशा टेबलावर ठेवा आणि प्रत्येक ओळीसमोर कोण करणार आणि कधीपर्यंत ते तिथेच लिहून घ्या.

क्षमतेचा आकडाही त्याच बैठकीत ठरवा. पार्किंगचं नियोजन करणारे सगळे कप्पे भरायचे असं धरत नाहीत. साधारण ८५ ते ९५ टक्क्यांच्या पुढे गेलं की लोक रिकामी जागा शोधत फेऱ्या मारू लागतात, मागे-पुढे वाढतं आणि माणसांची वाट गाड्यांनी भरते.

रात्रपाळी
आमच्याकडे हे कसं जमलं ते सांगतो. आत किती कप्पे रिकामे आहेत ते गेटवर फळ्यावर लिहितो. ठरलेला आकडा गाठला की गेट बंद आणि येणाऱ्याला तिथूनच दुसऱ्या पार्किंगकडे पाठवतो. आत घेऊन मग जागा शोधायची नाही. सुरुवातीला वरिष्ठ लोक फार रागावले, गेटवरच्या मुलाला बोल लावले. म्हणून फळ्याशेजारी मालकाच्या सहीचं पत्र लावलं: गेट बंद करायचा अधिकार गेटवरच्या कर्मचाऱ्याचा आहे, पद कुठलंही असो. पत्र लागल्यावर वाद पुष्कळ कमी झाले.

चाकोरी, त्या पत्रावर तुमच्याकडे कोण सही करेल ते बैठकीच्या आधी ठरवून ठेवा. सही वरच्या माणसाची हवी.

चाकोरी
हो, तेच आधी करते. बैठकीला गेटवरच्या मुलालाही बोलावणार आहे. ठोकळे बसले आणि हवेचं मोजमाप हाती आलं की आकड्यांसकट इथे लिहीन.